गीताचा उन्हाळी चार्ट

हैदराबादच्या सिटी बसनं तुम्ही कधी गेला असाल, तर गाडी उशिरा आली म्हणून कंडक्टरला शिव्या दिल्या असतील, ड्रायव्हरला दिल्या असतील, सरकारला तर दिल्याच असतील. चार्ट लिहिणाऱ्याला मात्र कोणी शिवी देत नाही, कारण असा एखादा माणूस असतो हेच लोकांना ठाऊक नसतं. कोणती गाडी किती वाजता, कुठून कुठं, कोणत्या मोसमात चालू आणि कोणत्या मोसमात बंद, हे सगळं डेपोच्या मागच्या खोलीत एका कागदावर लिहिलं जातं. त्या कागदाला आम्ही चार्ट म्हणतो. वीस वर्षं तो कागद मी लिहिला. आता गीता लिहिते आणि माझ्यापेक्षा चांगला लिहिते. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले असं माझी बायको भामा म्हणते. तिचं काय ऐकायचं! एकच दिवस लागला.

बसला कसला आलाय मोसम, असं तुम्ही म्हणाल. आहे ना. जानेवारीत नामपल्लीला नुमाइश, म्हणजे मोठं प्रदर्शन, भरतं, संध्याकाळच्या गाड्या वाढवा. रमजानात चारमिनारकडे माणसांचा पूर. चौदा एप्रिलला टँकबंडवर बाबासाहेबांच्या पुतळ्याकडे सकाळपासून गर्दी. आषाढात बोनालूचा सण, मग गणपतीचं विसर्जन, दसऱ्याला तर अर्धं शहर गावाला निघतं आणि आमच्या अर्ध्या सिटी गाड्या त्यांना पोचवायला जातात. पण सगळ्यांत मोठा मोसम उन्हाळ्याचा. एप्रिलच्या शेवटी शाळा-कॉलेजं बंद होतात, दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही आणि नेमके तेव्हाच ड्रायव्हर लोक घरच्या लग्नांसाठी रजा मागतात. मग अठरा-वीस फेऱ्या कापायच्या. कापायच्या म्हणजे बारा जूनला शाळा उघडेपर्यंत बंद ठेवायच्या.

माझी पद्धत सोपी होती. गेल्या वर्षीचा कागद घ्यायचा आणि त्यावर यंदाची तारीख टाकायची. शाळेसाठी म्हणून ज्या फेऱ्या लिहिलेल्या असत त्या बंद, बाकीच्या चालू. दोन तासांत काम संपायचं, वर चहा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, पण शेळ्या कधी तक्रार करायला आल्या नाहीत, त्यामुळे मी स्वतःला फार हुशार समजत होतो.

गीता आमच्या सेक्शनला आली ती सहा वर्षांपूर्वी. सेक्शन म्हणजे दोन टेबलं, एक कपाट आणि एक पंखा. ती आधी सात वर्षं कंडक्टर होती, खात्याची परीक्षा पास होऊन वर आली. तिच्या घरची माणसं मूळची देगलूरकडची, दोन पिढ्या अंबरपेटला राहिलेली. आई कोंडाबाई अफझलगंजच्या मोठ्या दवाखान्यात आया होती. नवरा आदर्श कुकटपल्लीच्या एका कारखान्यात, म्हणून संसार तिकडे. मला वाटलं, कंडक्टरकी केलेली बाई, घसा मोठा असेल, कागदाचं काम हिला काय जमणार? मी तिला पट्टी आणि पेन्सिल दिली आणि सांगितलं, रेघा मार.

तिसऱ्या दिवशी रेघा मारता मारता तिनं विचारलं, "सर, या साडेनऊच्या गाडीत कोण बसतं?"

"पॅसेंजर," मी म्हणालो.

"कोण पॅसेंजर?"

"आता काय त्यांची कुंडली मांडू?"

पण पुढच्या सोमवारी, म्हणजे तिच्या सुट्टीच्या दिवशी, ती त्या साडेनऊच्या गाडीत बसून पहिल्या थांब्यापासून शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन आली. मंगळवारी माझ्या टेबलावर एक चिठ्ठी. त्या गाडीत काचीगुड्याच्या शिवणक्लासच्या एकवीस मुली असतात आणि क्लास उन्हाळ्यातही चालतो, असं त्यात लिहिलेलं. मी चिठ्ठी वाचली आणि खिशात घातली. फेरी मात्र कापली नाही. पण तिला तसं सांगितलं नाही. वरिष्ठानं लगेच ऐकलं असं दिसलं तर पुढे फार ऐकावं लागतं.

तेव्हापासून हा तिचा नेमच झाला. जी फेरी कापायची तिच्यात आधी बसायचं. भरलेल्या गाडीत वही काढता येत नाही, म्हणून कमरेला एक कापडी पिशवी आणि तिच्यात चिंचोके. माणूस चढला की एक चिंचोका या कप्प्यातून त्या कप्प्यात. घरी जाऊन मोजायचे आणि वहीत लिहायचे. डेपोत तिला चिंचोकेवाली म्हणून चिडवायचे, मीही त्यात होतो. ती म्हणायची, "चिडवा हो सर, चिंचोके काही कमी होत नाहीत."

तिच्या वहीतून काय काय निघालं ते सांगितलं तर खोटं वाटेल. रमजानात चारमिनारला गाडी ऐन मगरिबच्या, म्हणजे रोजा सोडायच्या वेळी पोचायची, ड्रायव्हर बिचारा स्टेअरिंगवरच एका हातानं खजूर तोंडात टाकायचा. गीतानं चार्टमध्ये तिथं दहा मिनिटांचा थांबा घातला. कोणी मागितला नव्हता, कोणी अर्ज केला नव्हता. त्या वर्षी ईदला ड्रायव्हरांनी आमच्या सेक्शनला शीरखुर्म्याचं मोठं भांडं आणून दिलं. मी दोन वाट्या खाल्ल्या आणि असं दाखवलं की कल्पना दोघांची मिळून होती. गीता उलट म्हणाली, "सरांना अजून वाढा."

आता मुख्य गोष्ट. सगळ्या राज्यात बायकांना सिटी बस फुकट झाली, त्यानंतरचा तो पहिला उन्हाळा. माझा नोकरीतला शेवटचा. एकतीस मेला मी निवृत्त होणार होतो. बस फुकट झाली तरी नियम असा, की कंडक्टरनं प्रत्येक बाईचं आधारकार्ड बघून तिला मशीनमधून शून्य रुपयांचं तिकीट काढून द्यायचं. त्याला झिरो तिकीट म्हणतात. गाडीत किती बायका होत्या हे वरच्यांना त्या तिकिटावरूनच कळतं. त्या वर्षी वरून हुकूम आला, की जुन्या कागदावरून कापाकापी चालणार नाही, मशीनचे आकडे बघा आणि सगळ्यांत रिकाम्या अठरा फेऱ्या उन्हाळ्यापुरत्या बंद करा.

यादी काढली. सगळ्यांत वर नाव कोणाचं, तर पहाटे पाच वाजून पाच मिनिटांच्या गाडीचं. अंबरपेटच्या मागच्या वस्तीतून निघून बरकतपुरा, काचीगुडा, कोठी करत ती अफझलगंजला जाते. मशीन म्हणत होतं, सरासरी सात माणसं. मी लाल पेन उचललं आणि फुली मारली. मनात म्हटलंसुद्धा, पाच वाजता कोण उठतं!

गीतानं यादी पाहिली आणि तिचा चेहरा उतरला. "सर, ही गाडी कापू नका. ही भरलेली असते. पाय ठेवायला जागा नसते."

"मशीन सात म्हणतंय."

"मशीन खोटं बोलतंय."

"मशीन कशाला खोटं बोलेल? त्याला काय बढती हवीय?" मी चिडलो. "माझा शेवटचा चार्ट आहे गीता, तो तरी सुखानं लिहू दे. शुक्रवारी साहेबांकडे यादी द्यायची."

तो शनिवार होता. तिच्या हाती सहा दिवस होते. त्या सहा दिवसांत तिनं काय केलं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं, इथं सलग सांगतो.

पाच-पाचच्या गाडीवर कंडक्टर होता हिम्मतराव. डेपोतला सगळ्यांत जुना, ऑगस्टमध्ये निवृत्त होणारा. सत्तावीस वर्षांत ती गाडी अफझलगंजला कधी उशिरा पोचली नव्हती याचा त्याला केवढा अभिमान! त्या गाडीत दवाखान्यातल्या आया, झाडूवाल्या, बाजारात भाजी-फुलं विकणाऱ्या बाया असतात. त्यांची हजेरी सहाला. दहा मिनिटं उशीर झाला तर अर्धा दिवस गेला. आता पहिल्याच थांब्यावर चाळीस बाया चढतात. प्रत्येकीचं आधार बघा, मशीनची बटणं दाबा, कागद फाडा, तेही अंधारात. हिम्मतरावानं दोन दिवस करून पाहिलं आणि गाडी बारा मिनिटं उशिरा पोचली. एका बाईचा अर्धा दिवस कापला गेला, ती दुसऱ्या दिवशी गाडीत रडली. तिसऱ्या दिवसापासून हिम्मतरावानं मशीन खिशात घातलं आणि म्हणाला, "चला अम्मा, बैठो. रोजच्याच आहात, तुमचं कार्ड कशाला बघू?" पुरुष चढतात सात-आठ, त्यांचीच तिकिटं तो काढायचा. मशीनला तेवढेच दिसायचे.

म्हणजे ज्या माणसानं बायांची हजेरी चुकू नये म्हणून जिवाचं रान केलं, त्यानंच त्यांची गाडी यादीत सगळ्यांत वर नेऊन बसवली. आणि ही गोष्ट साहेबांना सांगायची तरी कशी? तिकीट न काढणं हा कंडक्टरचा मोठा गुन्हा. गीतानं तोंड उघडलं तर गाडी वाचेल, पण हिम्मतराव निवृत्तीच्या तोंडावर घरी बसेल. तोंड बंद ठेवलं तर हिम्मतराव वाचेल आणि साठ बाया उन्हाळाभर रस्त्यावर. पाचच्या सुमाराला रिक्षावाला काय मागतो ते तुम्हांला माहीत आहे.

गीता त्या शनिवारी कुकटपल्लीला गेलीच नाही, आईकडे अंबरपेटला राहिली. रविवारी पहाटे थांब्यावर जाऊन तिनं हिम्मतरावाला गाठलं.

"काका, उद्यापासून तिकिटं काढा."

"नक्को गीता. लेट होते. ते दोन दिवस सोडले तर माझ्या गाडीला आजवर लेट नाही."

"तुमची गाडीच राहणार नाही मग लेट कशाला होईल?" तिनं त्याला यादी दाखवली.

हिम्मतराव खाली बसला म्हणे. वस्तीतल्या चहावाल्यानं त्याला पाणी दिलं. "मी तर चांगलंच करत होतो ना?" एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. गीता त्याच्याजवळ बसून राहिली. मग तिनं चार्ट काढला, पेन्सिल काढली आणि त्याला गणित समजावलं. चार्टप्रमाणे गाडी थांब्यावर पाच-पाचला येते आणि पाच-पाचलाच सुटते. तीच गाडी डेपोतून बारा मिनिटं आधी निघाली तर ती चार त्रेपन्नला थांब्यावर येईल. त्या बारा मिनिटांत चाळीस तिकिटं निघतात, बाया रांगेत कार्ड हातात धरून उभ्या राहिल्या तर. पुढच्या थांब्यांवरच्यांची तिकिटं चालत्या गाडीत होतात. आणि ड्यूटीची बारा मिनिटं वाढतात ती दुपारच्या शेवटच्या फेरीतून कमी करायची; उन्हाळ्यात ती नाहीतरी रिकामी असते.

बायांना रांगेत उभं करण्याचं काम कोंडाबाईनं अंगावर घेतलं. ती निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण वस्तीत तिचा शब्द चालतो. रविवारी संध्याकाळी ती घरोघर फिरली आणि सांगून आली, "उद्या पावणेपाचला थांब्यावर, कार्ड हातात. तिकीट मागून घ्यायचं. फुकट आहे म्हणून सोडायचं नाही."

सोमवार, मंगळवार, बुधवार. हिम्मतरावाच्या शब्दावर ड्रायव्हरनं गाडी डेपोतून बारा मिनिटं आधी काढली. मशीनमध्ये अठ्ठावन्न, एकसष्ट, त्रेसष्ट. गाडी तिन्ही दिवस वेळेवर पोचली.

गुरुवारी साहेबांनी आम्हांला आत बोलावलं. साहेब म्हणजे डेपो मॅनेजर, तेलुगू माणूस, आमच्याशी हिंदीत बोलायचे. कोपऱ्यात हिम्मतराव उभा होता, हात बांधून. साहेबांनी आकड्यांचा कागद माझ्यासमोर सरकवला. "एकनाथरावगारू, पिछले महीने सात. इस हफ्ते तिरसठ. ये कैसे? गाडी बचाने के वास्ते झूठे टिकट मारे क्या किसी ने?"

मला तर काहीच माहीत नव्हतं. मी गीताकडे पाहिलं. तिनं पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली. जानेवारीपासून अकरा वेळा ती त्या गाडीत बसली होती. तारीख, थांबा, माणसं. छप्पन्न, साठ, एकोणसाठ. साहेब पानं उलटत राहिले. मग त्यांनी चष्मा काढला आणि हिम्मतरावाकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "मतलब तुम टिकट दे ही नहीं रहे थे."



गीता बोलली. ती हिंदीतच बोलली, पण मला ते अजून मराठीतच आठवतं. "साहेब, चूक चार्टची आहे. गाडी पाच-पाचला येते आणि पाच-पाचला सुटते. चाळीस तिकिटं काढायला चार्टनं एक मिनिट दिलेलं नाही. तिकिटं काढत बसला तर गाडी लेट म्हणून मेमो, नाही काढली तर तिकीट नाही म्हणून मेमो. या माणसासाठी दोन्हीकडे मेमोच लिहून ठेवलाय. मशीनही खरं बोलतं, वहीही खरी आहे, चार्ट तेवढा चुकलाय. चार्ट आमच्या सेक्शनचा. मेमो द्यायचा तर सेक्शनला द्या."

सेक्शन म्हणजे कोण? ती आणि मी. माझ्या निवृत्तीला पाच आठवडे राहिलेले. अशा वेळी मेमो म्हणजे सगळे कागद अडकणार. माझं डोकं असं तापलं म्हणता! माझ्या हाताखालची पोरगी मला न विचारता माझ्या डोक्यावर मेमो मागून घेते? मी तोंड उघडलंसुद्धा तिला झापायला.

पण टेबलावर चार्ट पडला होता. पाच-पाच आगमन, पाच-पाच प्रस्थान. अक्षर माझं. वीस वर्षांपूर्वी लिहिलं आणि दरवर्षी उतरवत गेलो. थांब्यावर गाडी उभी राहते तेव्हा माणसं चढायला वेळ लागतो, एवढी साधी गोष्ट मी कधी धरलीच नव्हती. मी जन्मात पाच-पाचच्या गाडीत बसलो असतो तर धरली असती.

"साहेब," मी म्हणालो, "चार्ट माझा आहे. तिनं फक्त रेघा मारल्यात. मेमो माझ्या नावानं काढा."

साहेबांनी आमच्या तिघांकडे पाहिलं. मग त्यांनी वही बंद करून गीताला परत दिली. "मेमो-विमो छोडो," ते म्हणाले. "गाडी चार त्रेपन्नला लावा. आणि हिम्मतराव, यापुढे एक जरी तिकीट चुकलं तर मी कोणाचं ऐकणार नाही. पण मला अठरा फेऱ्या पाहिजेत. ही यादीतून काढली तर तिच्या जागी कोणती?"

 गीताजवळ उत्तर तयार होतं; तिच्याजवळ नेहमीच असतं. "दुपारी दीडची बरकतपुऱ्याची. उन्हाळ्यात तिच्यात चार माणसं असतात."

मी गार. ती दीडची गाडी माझी होती. वीस वर्षं मी त्या गाडीनं घरी जेवायला जात होतो आणि अडीचच्या गाडीनं परत येत होतो. वीस उन्हाळ्यांत तिच्यावर फुली पडली नाही, ती का, याचा शोध वरच्यांनी कधी घेतला नव्हता.

"चार माणसं कोण?" साहेबांनी विचारलं.

गीतानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "दोन कॉलेजची मुलं आहेत, त्यांना सुट्टी लागली. एक औषधवाले आहेत, त्यांना एकची चालते." आणि ती थांबली.

"चौथा मी," मी म्हणालो. "मी डबा आणीन."

साहेब हसले ते इतके, की बाहेरून शिपाई डोकावून गेला. घरी भामाला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे त्या पोरीनं गाडी वाचवली साठ बायांची आणि पहाटे उठून डबा करायचा मी?" पण दुसऱ्या दिवशी डब्यात तिनं गोडाचा शिरा घातला होता आणि वरून सांगितलं, "अर्धा तिला द्या." आमच्या घरात शाबासकी अशीच मिळते.

उन्हाळी चार्ट लागू झाला त्या पहिल्या दिवशी मी ठरवलं, की आपणही एकदा जाऊन यावं. भीत भीतच ठरवलं म्हणा. साडेचारला स्कूटरनं डेपोत गेलो आणि चार चाळीसच्या सुमाराला सुटणाऱ्या त्या रिकाम्या गाडीत हिम्मतरावाबरोबर बसलो. थांब्यावर पोचून खाली उतरलो तर अंधारात रांग उभी. मी नोकरीत पुष्कळ रांगा पाहिल्या, पण इतकी शिस्तीची नाही. प्रत्येकीच्या हातात कार्ड. हिम्मतराव दारात उभा राहून तिकीट फाडत होता आणि प्रत्येकीला नावानं हाक मारत होता. पाच-पाचला गाडी सुटली. गीता मागच्या दाराजवळ उभी होती, कमरेला तीच पिशवी. माझ्याशी बोलायला तिला सवड नव्हती, ती मोजत होती.

पुढच्या सीटवर एक म्हातारी बाई होती. तिनं सरकून मला जागा दिली. "बसा साहेब. मी कोंडाबाई. गीताची आई."

मी म्हणालो, "बाई, तुमच्या मुलीसारखी माणसं आमच्या डेपोत दुसरी नाहीत." खरंच म्हणालो. आयुष्यात मी कोणाची अशी तोंडावर स्तुती केली नव्हती.

तिनं हातातलं तिकीट घडी करून कमरेला खोचलं. मग म्हणाली, "साहेब, तुमचं नाव आमच्या घरात जुनं आहे."

"म्हणजे?"

"वीस वर्षं झाली. असाच उन्हाळा. ही गाडी बंद केली होती एक उन्हाळा. थांब्यावर कागद लावला होता, शाळा बंद म्हणून गाडी बंद. मी दवाखान्यात चालत जायची. चारला निघायची. गीता तेव्हा दहावीची परीक्षा देऊन घरी होती, अंधाराची मला सोबत म्हणून पुलापर्यंत यायची आणि एकटी परत जायची. तिनं तो कागद वाचला. खाली तुमचं नाव होतं."

माझा पहिला चार्ट! मला तो आठवतही नव्हता. पुढच्या वर्षी कोणीतरी अर्ज केला म्हणून ती गाडी परत घातली होती एवढं अंधुक आठवलं.

"अर्ज आम्हीच केला," कोंडाबाई म्हणाली. "चाळीस जणींनी. लिहिला गीतानं. तेव्हा ती फार चिडली होती तुमच्यावर. म्हणायची, आई, ज्यानं हे लिहिलं त्यानं तुला कधी बघितलंच नाही. मी म्हटलं, मग तू शीक आणि तू लिही."

सहा वर्षं ती माझ्यासमोरच्या टेबलावर बसली. मी तिला रेघा मारायला लावल्या, तिच्या चिंचोक्यांना हसलो, तिच्या थांब्याचा शीरखुर्मा मी खाल्ला. एकदाही तिनं हे तोंडातून काढलं नाही.  मी विचारलं, "तुम्हांला राग नाही आला माझा?"

"आला ना," कोंडाबाई म्हणाली. "उन्हाळाभर आला. पण चालता चालता किती रागवायचं, साहेब? दम लागतो."

गाडी थांबली. मी बाहेर पाहिलं तर बरकतपुरा. माझा थांबा. खांबाखाली अकरा बाया उभ्या होत्या, डोक्यावर पदर, हातात डबे आणि कार्डं. त्यांच्यामागे दोनशे पावलांवर माझं घर होतं आणि स्वयंपाकघरात भामानं दिवा लावलेला दिसत होता. तीस वर्षं मी त्या घरात राहतो. तीस वर्षं या बाया रोज या वेळी इथं उभ्या होत्या आणि मी आत झोपलेलो होतो.

अकरा जणी एकेक करून वर चढल्या. हिम्मतरावाचं मशीन वाजत होतं, मागं गीता मोजत होती. बसायला जागा उरली नव्हती. मी उठलो आणि उभा राहिलो.